तिसरी नळी: पसरणी घाटात बंद पडणाऱ्या मारुती ८००चं प्रकरण

गाडी १९९७ची मारुती ८००, एमएच ११ पासिंग, पांढरी. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटरवालं (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग म्हणजे कार्बोरेटर). मालक साताऱ्यातले निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातची, सर्व्हिसची वही अजून जपून ठेवलेली. या वहीचा पुढे फार उपयोग झाला.

२०२४च्या एप्रिल अखेरीस ते माझ्या गॅरेजला आले. त्यांची लेक पाचगणीला दिलेली, त्यामुळे महिन्यातून दोनदा तिकडे जाणं असतं. साताऱ्याहून पाचवडपर्यंत हायवे, तिथून आत वाई, ढोल्या गणपतीचं दर्शन, पंधरा-वीस मिनिटं कृष्णेच्या घाटावर बसणं आणि मग पसरणी घाट. मार्चपासून तीन वेळा गाडी या घाटात बंद पडली होती. तिसऱ्या वेळी त्यांच्या घरच्या बाई आणि नात गाडीत असताना ती वळणावर थांबली आणि मागून एसटी येत होती. गुरुजींच्या बोलण्यात गाडीविषयी राग नव्हता, भीती होती. "मिस्त्री, विकायचं मनात नाही. पण आता हिला घेऊन तिकडं जायचा धीर होत नाही," म्हणाले.

तक्रार त्यांनी नीट मांडली. वाईला थांबून निघताना गाडी लवकर उचलत नाही, स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, पेट्रोलचा वास येतो, चालू झाली की मागून काळा धूर निघतो. मग घाटात तीन-चार किलोमीटर ठीक चालते आणि एकदम दम सोडते, पेट्रोल संपल्यासारखी. बॉनेट उघडून इंजिनच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू होते.

मी विचारलं, "यवतेश्वरचा घाट चढते का?"

"कासला महिन्यात दोनदा जातो. एकदाही थांबली नाही."

हे ऐकून मी कागद घेतला आणि दोन्ही प्रवास शेजारी शेजारी लिहिले. यवतेश्वरचा चढ काही कमी नाही. पण तो घरातून निघाल्यावर लगेच लागतो, इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी वर पोचलेली असते. पसरणीचा चढ मात्र पस्तीसेक किलोमीटर पळवलेलं इंजिन वीस मिनिटं बंद ठेवून मग चढायचा असतो. दोष चढाचा असता तर दोन्हीकडे दिसला असता. म्हणजे वाईच्या त्या वीस मिनिटांत काहीतरी घडत होतं.

गाडी बंद केली की इंजिन गार व्हायला लागतं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पहिली पंधरा-वीस मिनिटं बॉनेटच्या आत उलट चालतं. चालू इंजिनला रेडिएटर, पाण्याची फिरती आणि समोरचा वारा थंड ठेवतात. चावी फिरवली की तिन्ही थांबतात. लोखंडात साठलेली उष्णता मग आजूबाजूच्या सुट्या भागांत शिरते, आणि या इंजिनचा पेट्रोल ओढणारा पंप हेडलाच, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागालाच, बसवलेला असतो. कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा हा पंप आम्ही जुने लोक एसी पंप म्हणतो (त्या कंपनीचं नाव पंपाला चिकटलं, थंड हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही). हेड नव्वद अंशांच्या आसपास असतं. पेट्रोल हे अनेक तेलांचं मिश्रण. त्यातले हलके अंश ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. वाईत त्या दिवसांत बाहेरचाच पारा तिथपर्यंत गेलेला असतो.

म्हणजे पंपात पेट्रोलची वाफ होऊन अडकणार, आमच्या भाषेत वाफ धरणार, हे उघड होतं. पण वाफ धरणं प्रत्येक कार्बोरेटरवाल्या गाडीच्या नशिबी असतं, आणि तरीही ही गाडी सव्वीस वर्षं त्याच घाटाने गेली होती. मग यंदाच काय झालं?

आधीच्या हातांनी काय केलं

गुरुजींच्या वहीत मार्चपासूनची कामं तारखेसकट होती. पहिल्या मेकॅनिकने प्लगच्या ठिणगीसाठी लागणारे कॉइल आणि कंडेन्सर बदलले. तापल्यावर कॉइल दगा देते, त्यामुळे त्याचा तर्क चुकीचा नव्हता, फक्त इथे तो लागू नव्हता. दुसऱ्याने काळा धूर आणि वास पाहिला, पेट्रोल जास्त जातंय असं ठरवलं आणि कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी ठरवणारा फ्लोट खाली घेतला. त्यानंतर गाडी घाटात आधीपेक्षा लवकर थांबायला लागली. तिसऱ्याने ती थांबते हे पाहिलं, पेट्रोल कमी पडतंय असं ठरवलं आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, मोठा केला, वर एसी पंपही नवीन घातला. सरासरी सतरावरून तेरावर आली. एकाने पेट्रोल कमी केलं, दुसऱ्याने वाढवलं, आणि दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं लक्षण मात्र खरंच होतं. वाईत पेट्रोल जास्त होत होतं आणि घाटात कमी पडत होतं. ही दोन दुखणी वेगळी नसावीत, एवढं तेव्हा जाणवलं. कसं ते कळलं नव्हतं.

मी स्वतः पहिल्या दिवशी टाकीच्या झाकणावर संशय घेतला. झाकणाची हवा घ्यायची वाट बुजली तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल येईनासं होतं. गाडी दमवून झाकण उघडलं, सुस्स असा आवाज आला नाही. तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मुद्दाम उन्हात निघालो. पोराला बरोबर घेतलं. वाईत वीस मिनिटं थांबलो, बॉनेट न उघडता. निघताना गुरुजींनी सांगितलं तसंच झालं, वास, लांबलेला स्टार्टर, काळा धूर. घाटात साधारण चौथ्या किलोमीटरला गाडी हुंदके द्यायला लागली. कडेला जागा बघून घेतली. एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटलची कडी हाताने दाबली. चांगल्या गाडीत अशा वेळी पेट्रोलची बारीक धार आत पडताना दिसते. एक थेंबही पडला नाही. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी साठवण, कोरडं होतं. कॉइल, प्लग, कंडेन्सर यांना एका मिनिटात संशयातून मोकळं केलं.

पोरगं पंपाकडे वाकून बघत होतं. "दादा, ही नळी कुटं गेलीया? हितं बोल्ट हाय नुसता."

पंपाला तीन निपल, म्हणजे नळी चढवायची तोंडं, होती. एकात टाकीकडून फिल्टरमधून येणारी नळी, दुसऱ्यातून कार्बोरेटरला जाणारी. तिसऱ्यावर बोटभर रबरी पाइप, त्याच्या तोंडात आठ मिलिमीटरचा बोल्ट, वर क्लिप घट्ट आवळलेली. शेजारी बॉडीवरून मागे टाकीकडे जाणारी लोखंडी नळी होती. तिच्या तोंडावरही तसाच रबराचा तुकडा आणि स्क्रू.

रिटर्न लाइन, म्हणजे पंपाकडून टाकीत परत जाणारी वाट, बुजवलेली होती.

ती कशासाठी असते

बऱ्याच जणांना, अगदी काम करणाऱ्यांनाही, वाटतं की पंपाने जास्त ओढलेलं पेट्रोल परत पाठवायला ही नळी आहे आणि ती नसली तर पंप फुटेल. एसी पंप असा चालतच नाही. कॅमचा दांडा पंपातला लवचिक पडदा खाली ओढतो तेव्हा पेट्रोल आत येतं, आणि त्याला कार्बोरेटरकडे ढकलायचं काम खालची स्प्रिंग करते. फ्लोट चेंबर भरलं, त्याची वाट अडवणारी नीडल (सुई) बंद झाली की स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत थांबते, दांडा मोकळाच हलतो. दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जात नाही, दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाव किलो. म्हणूनच जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या पंपाला दोनच नळ्या असत आणि त्या चालत. पण त्या काळात खंबाटकी चढणाऱ्या टॅक्सीच्या पंपावर ओलं फडकं असायचं, हेही मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. ते फडकं जे काम करायचं ते मारुतीत तिसऱ्या नळीवर सोपवलेलं आहे.

तिचं काम पेट्रोल हलतं ठेवण्याचं. थोडा हिशेब करून बघू. इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं चालू असताना, तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, म्हणजे मिनिटाला दहा मिली. आतून सहा मिलिमीटरच्या नळीत मीटरभर लांबीला २८ मिली पेट्रोल बसतं. रिटर्न बंद असेल तर बॉनेटमधल्या मीटरभर नळीतलं पेट्रोल बदलायला जवळजवळ तीन मिनिटं लागतात. तीन मिनिटं ते गरम हेडच्या शेजारी बसून राहतं. रिटर्न चालू असेल तर त्याच आयडलला मिनिटाला दीड-दोनशे मिली टाकीतून येऊन परत टाकीत जातं आणि नळीतलं पेट्रोल दहा सेकंदांत नवीन होतं. तापायला त्याला वेळच मिळत नाही.

वाफ झालीच तरी तिला वाट असते. रिटर्नचं निपल पंपाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे कार्बोरेटरकडे जाणाऱ्या अंगाला असतं, आणि त्याच्या आत मिलिमीटरभराचं बारीक भोक असतं. त्या भोकातून पेट्रोल बेताने जातं, वाफ मात्र हलकी असल्याने कितीतरी झपाट्याने निघून जाते. वाफ आधी टाकीत, पेट्रोल मागोमाग.

आता वाईची दोन लक्षणं बघा. गाडी उभी आहे, रिटर्नला बोल्ट आहे. पंप ते कार्बोरेटर एवढ्या कोंडलेल्या नळीत पेट्रोल तापून फुगतं, त्याची वाफ होते, दाब वाढतो. मागे पंपाचा व्हॉल्व्ह, बाजूला बोल्ट. उरते ती नीडल. तिला ढकलून पेट्रोल फ्लोट चेंबरमध्ये आणि तिथून इंजिनमध्ये उतरतं. वास, ओव्हरफ्लो, काळा धूर. दुसऱ्या मेकॅनिकने पाहिलं ते हेच. मग गाडी निघते, चेंबरमधल्या पेट्रोलवर थोडं अंतर कापते. घाटात दुसऱ्या गियरला इंजिनला आयडलच्या कितीतरी पट पेट्रोल लागतं, आणि पंपात वाफ भरलेली असते. पडदा हलतो, वाफ दबते आणि पुन्हा फुगते, पुढे काही जात नाही. पडद्याच्या ओढीने आत येणाऱ्या पेट्रोलवरचा दाब आणखी उतरतो आणि तेही उकळतं. शिवाय साताऱ्याच्या मानाने पाचगणीला हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, म्हणजे उकळायला तेवढीच सवलत. तिसऱ्याने पाहिलं ते हे. दोघांनी एकाच बोल्टची दोन टोकं धरली होती.

बोल्ट कुणी घातला, का घातला

वहीत तेही सापडलं. २०२३च्या दिवाळीनंतरची नोंद होती, "मागील बाजूस पेट्रोल गळती, दुरुस्त." गुरुजींना आठवलं, मागच्या चाकाजवळ थेंब पडायचे, वास यायचा. कुठे दाखवली होती हे इथे लिहायची गरज नाही. काय झालं असेल ते मी गाडी वर घेतल्यावर कळलं. टाकीजवळ लोखंडी रिटर्न नळी आणि टाकीचं निपल यांना जोडणारा वीतभर रबरी पाइप तडकून पार पापड झाला होता. तो बदलायचा तर टाकी रिकामी करून उतरवावी लागते. पुढे पंपाशी बोल्ट घातला की मागची गळती थांबते. पंधरा मिनिटांचं काम. गळती खरोखर थांबली आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाडी उत्तम चालली, कारण थंडीत या नळीची उणीव जाणवतच नाही. दुरुस्ती आणि दुखणं यांच्यात चार महिन्यांचं अंतर पडलं आणि दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात आला नाही. गुरुजींच्या आधीच्या तिन्ही मेकॅनिकनी तो बोल्ट नक्कीच पाहिला असणार. नवीन पंप घालणाऱ्याने तर तो जुन्यावरून काढून नव्यावर बसवला होता.

याचं मला मनापासून वाईट वाटतं. फियाटवर शिकलेल्या माणसाला तिसरी नळी जादा वाटणं मी समजू शकतो. पण कंपनीने टाकीपासून पंपापर्यंत दोन मीटरपेक्षा लांब लोखंडी नळी उगाच ओढली नसेल, एवढा विचार बोल्ट आवळणाऱ्याने करायला हवा होता.

रबर तडकण्याचा दोष एकट्या वयाचाही नाही. जून २०२२ मध्ये देशभरात पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. त्यातलं काही आपल्याच सातारा-सांगलीच्या उसातून येतं आणि शेतकऱ्याच्या घरातला म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण १९९७च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉलने जुनं साधं रबर आधी फुगतं, मऊ होतं आणि पुढे वाळून तडे जातात. रिटर्नचा पाइप मागे, टाकीच्या आडोशाला, नजरेआड. तोच आधी जातो.

दुरुस्ती, आणि मधली चूक

टाकी उतरवली. लोखंडी नळी पाच-सहा महिने कोरडी राहिल्याने आतून गंजली होती. इथे एक खबरदारी महत्त्वाची. अशी नळी पुढून हवा मारून साफ केली तर सगळा गंज टाकीत जातो. दोन्ही टोकं सोडवून, टाकीच्या अंगाकडून पुढे हवा मारली, पुढच्या तोंडाला फडकं धरलं. तपकिरी भुगा निघाला. मग थोडं पेट्रोल ओतून पुन्हा हवा. गंजाने कुठे भोक पडलंय का ते दाब देऊन पाहिलं, नव्हतं. मागचे-पुढचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल चालणाऱ्या पाइपचे घातले, एसएई जे ३० आर ९ असं छापलेला मागून घेतला. दुकानात "पेट्रोल पाइप" म्हणून जो काळा रोल मिळतो तो यासाठी घेऊ नये. काही गाड्यांना टाकीची वाफ नेणारी आणखी एक बारीक नळी असते. ती आणि रिटर्न यांची अदलाबदल होऊ देऊ नये. जेट आणि फ्लोट मूळ मापावर आणले, नाहीतर खऱ्या दुरुस्तीचं फळ कळलंच नसतं.

बोल्ट काढून रिटर्न जोडली. गाडी गरम उचलायला लागली, वास गेला, धूर गेला. मी समाधानाने हायवेवर घेतली आणि सत्तरच्या पुढे ती झटके द्यायला लागली. सपाट रस्त्यावर, हवा गार असताना, सकाळी सातला.

आता वाफेचा प्रश्नच नव्हता. परत येऊन मोजायचं ठरवलं. रिटर्नची नळी टाकीकडे न देता मोजपट्टी असलेल्या पेट्रोलच्या कॅनमध्ये घेतली. हे उघड्यावर, गार इंजिनवर, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून आणि दुसरा माणूस चावीपाशी बसवूनच करावं. आयडलला एका मिनिटात चारशे मिली आलं. फार जास्त. निपलमध्ये तार घालून पाहिली तर आतलं बारीक भोक नव्हतंच, सरळ चार मिलिमीटरची वाट. मार्चमध्ये घातलेला तो नवीन पंप हलक्या मालाचा होता. बाहेरून तीन निपल दिसतात, आतलं मिलिमीटरचं भोक बनवणाऱ्याने गाळलेलं. बोल्ट होता तोवर हा दोष झाकलेला राहिला. बोल्ट निघाल्यावर पंपाचं सगळं पेट्रोल सोप्या वाटेने टाकीत परतायला लागलं आणि वेगात कार्बोरेटर उपाशी.

रिटर्न बंद असली तरी गाडी थांबते आणि पूर्ण उघडी असली तरी थांबते. म्हणून नळी नुसती जोडून भागत नाही, तिच्यातून किती येतं ते मोजावं लागतं. माझी मधली चूक हीच झाली, जोडली आणि मोजलं नाही.

गुरुजींनी जुना मूळ पंप टाकून दिला नव्हता, वहीसारखाच जपला होता. त्याचा पडदा कडक झाला होता, पण निपल शाबूत होतं, आतलं भोक डोळ्याला दिसत होतं. चांगल्या बनावटीचा पंप आणला, विकत घेण्याआधी दुकानाच्या काउंटरवरच दोन्हींच्या निपलमध्ये एकच तार घालून पाहिली. बसवल्यावर कॅनमध्ये मिनिटाला १८० मिली. कार्बोरेटरच्या बाजूला गेज लावला, पाव किलोच्या किंचित खाली काटा स्थिर. हायवेवर शंभरापर्यंत नेली, झटका नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजी, बाई आणि मी असे तिघे दुपारी निघालो. वाईला वीस मिनिटं ठरवून बसलो. बाई गणपतीला दोनदा जाऊन आल्या. गाडी पहिल्या स्टार्टरला उचलली. घाटात चौथा किलोमीटर आला तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हतं. पाचवा गेला. दांडेघर ओलांडल्यावर बाईंनी पाठीमागून गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला.

एक गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली आणि उन्हाळ्यात रिटर्नवाली कार्बोरेटर गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगतो. परत जाणारं पेट्रोल बॉनेटमधली उष्णता घेऊन टाकीत जातं. टाकी अर्धी असेल तर ती तिथे विरते. काटा लालवर असेल तर तेच दोन-तीन लिटर फिरून फिरून तापत राहतं आणि नळीचा उपयोग कमी होतो. मेमध्ये घाट चढायच्या आधी पाव टाकीच्या वर पेट्रोल असू द्यावं.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, गाडी सर्व्हिसला आली तेव्हा पुन्हा कॅन लावला. १७५ मिली. सरासरी सोळाच्या वर होती. उन्हाळाभर पसरणीला एकदाही थांबली नव्हती.

त्याच पावसाळ्यात कोरेगावकडची एक जुनी ओमनी ब्रेकच्या कामाला आली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली, उष्णतेला बाहेर पडायला आणखी कमी जागा. सीट उचलली तर तिसऱ्या निपलवर बोल्ट. मालक म्हणाले, "गाडी एकदम झकास पळती, त्याला हात लावू नका." पाऊस पडत होता, खोटं बोलत नव्हते. मी वहीत त्यांचा नंबर लिहिला, शेजारी "रिटर्न, होळीच्या आधी" असं लिहिलं आणि ब्रेक करून गाडी दिली.